कृष्णाकाठची कविता आणि मासिकाचा उंबरठा

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पूर्वी कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्टेशन होते. भोवती खडकाळ माळ आणि निवडुंगाची जाळी, अशा त्या उजाड ठिकाणी 1910 साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कारखान्यासाठी जमीन दिली, आणि बेळगावाहून बिऱ्हाड उचलून आलेल्या त्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पुढे दहा वर्षांनी, 1920 च्या जानेवारीत, याच माळावरून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघू लागले. गिऱ्हाइकांना आणि अडत्यांना कारखान्याचे वर्तमान कळावे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. परंतु लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, जे पिंडाने चित्रकार होते, त्यांच्या हाती संपादकत्व असल्यामुळे त्या पत्राने आपल्या जन्माचा हेतू लवकरच मागे टाकला. 1929 साली 'खबर' हा शब्द गळून 'किर्लोस्कर' एवढेच नाव उरले, 1930 साली 'स्त्री' हे मासिक त्याच्या जोडीला आले, 1934 साली 'मनोहर' निघाले, आणि ज्या टपालाच्या थैलीतून नांगरांची मागणीपत्रे येत त्याच थैलीतून गावोगावच्या होतकरू कवींचे लखोटेही किर्लोस्करवाडीस येऊन पडू लागले. मुंबई-पुण्याच्या पेठा सोडून एका आडवळणाच्या वसाहतीने साऱ्या महाराष्ट्राच्या साहित्याला आपल्या दाराशी यावयास लावावे, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी घटना आहे.

सातारा आणि सांगली या दोन गावांचा एकत्र विचार करणे हे काही माझ्या सोयीसाठी नाही. आजचा सांगली जिल्हा हा 1949 साली 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि 1960 साली त्यास सांगलीचे नाव मिळाले. त्यापूर्वी हा सारा मुलूख इंग्रजी अंमलाखालील सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, औंध, जत, फलटण अशी संस्थाने यांच्या सरमिसळीचा होता. हद्दी अनेक, कचेऱ्या अनेक, परंतु नदी एक आणि भाषा एक. या कृष्णाकाठी कविता पुष्कळ पिकली. ती लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र छापखान्याची नव्हती. समर्थांनी चाफळास राममंदिर उभारले ते 1648 साली, आणि तेथून पुढे दोन शतके मठामठांतून शिष्यांनी बोरूने ग्रंथ उतरून काढले. एका हस्तलिखितावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे, अशी ती कविता हातांनीच प्रसृत झाली. दुसरी वाट कंठाची होती. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरी 1866 साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांच्या लावणीने संपादकाची अनुज्ञा कधी मागितली नाही. ढोलकीच्या फडात ती जन्मली आणि फडाबरोबर गावोगाव फिरली. मठात नकलकार भक्त होता, फडात श्रोता समोर बसला होता. कवितेची पारख एका अपरिचित माणसाने, कवीचे तोंडही न पाहता, केवळ कागदावरील अक्षरांवरून करावी ही रीत या मुलखाला नवी होती, आणि ती मासिकाने आणली.

या नव्या रीतीचा उगम टपालात आहे, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासकारांनी फारशी ध्यानात घेतलेली नाही. 1854 साली साऱ्या हिंदुस्थानास अंतराचा विचार न करता एकच डाकहशील लागू झाले. 1879 साली एका पैशाचे पोस्टकार्ड आले. एकोणिसावे शतक सरण्यापूर्वी पुणे-मिरज लोहमार्ग पुरा झाला. जो विद्यार्थी पुण्यास जाण्याचे भाडे उभ्या वर्षात जमवू शकला नसता, त्याची कविता आता आण्या-दोन आण्यांत मुंबईस जाऊ शकत होती आणि संपादकाचा होकार किंवा नकार एका पैशात परत येऊ शकत होता.

1887 हे वर्ष या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. त्या साली खानदेशात जळगाव येथे नारायण नरसिंह फडणीस यांनी 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले, आणि त्याच साली साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस या सतरा वर्षांच्या आतबाहेर असलेल्या तरुणाने 'महाराष्ट्र कोकिळ' काढले. पारसनिसांचा ओढा पुढे इतिहासाकडे वळला; 'भारतवर्ष' आणि 'इतिहाससंग्रह' यांतून त्यांनी दप्तरेच्या दप्तरे उजेडात आणली आणि साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयाच्या रूपाने आपले चिरंतन स्मारक ठेवले. परंतु मिसरूड फुटण्याच्या वयात, साताऱ्यासारख्या गावी, मासिकाला कोकिळाचे नाव द्यावे असे त्यांना वाटले, यातच त्या काळाची हवा दिसून येते. फडणिसांनी मात्र आपले व्रत सोडले नाही. जवळजवळ अर्धे शतक त्यांनी ते मासिक चालविले, आणि 1907 साली जळगावास जे कविसंमेलन भरले, ज्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास 'बालकवी' ही पदवी मिळाली, त्याच्यामागेही त्यांचाच उत्साह होता.

कवीचे पुस्तक निघणे ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती. मराठी कवितेचे पहिले घर मासिक हेच होते. केशवसुत 1905 साली हुबळीस वारले तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता. 'करमणूक', 'काव्यरत्नावली', 'मनोरंजन' अशा पत्रांतून विखुरलेली ती कविता हरि नारायण आपटे यांनी एकत्र करून प्रसिद्ध केली ती 1917 साली. गोविंदाग्रजांचा 'वाग्वैजयंती' हा संग्रहही त्यांच्या मृत्यूनंतरचाच. म्हणजे ज्यांना आपण आधुनिक मराठी कवितेचे आद्य प्रवर्तक मानतो, त्यांना त्यांच्या समकालीन वाचकाने मासिकाच्या पानावरच पाहिले, कथेच्या शेवटाखाली उरलेल्या जागेत, कधी जाहिरातीच्या शेजारी.

छापून येणे हे नेहमीच निर्धोकही नव्हते. इस्लामपुराहून निघणाऱ्या 'प्रतोद' या पत्रावर 1897 साली राजद्रोहाचा खटला झाला, आणि साताऱ्याच्या सेशन्स कोर्टाने संपादकास जन्मठेप काळ्या पाण्याची सजा फर्मावली. हायकोर्टात ती पुष्कळ कमी झाली हे खरे, परंतु त्या निकालाची दहशत सर्व मुलखात बसली. पुढे 1910 चा छापखान्यांचा कायदा आला आणि जामिनाची टांगती तलवार प्रत्येक संपादकाच्या शिरावर आली. देशभक्तिपर कविता हाती येताच संपादकाला वृत्ताबरोबर कायद्याचेही कलम तपासावे लागे. त्या काळच्या मासिकांत राष्ट्रप्रेम रूपकाच्या पडद्याआडून का बोलते, पिंजऱ्यातील पोपट आणि ग्रहणातील चंद्र एवढे वारंवार का भेटतात, याचे एक कारण या कलमांत आहे.

साताऱ्याच्या भूमीला आणखी एका कविसंपादकाचा सहवास लाभला. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 साली साताऱ्यास येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' या आपल्या अभिनव उपक्रमाची स्थापना त्यांनी येथे केली. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे होते. बालकवींना आपल्या घरी ठेवून घेणारा हा मनुष्य नवोदितांच्या कवितेकडे वडिलांच्या मायेने पाही. आणि एकाच व्यक्तीच्या ठायी कवी व संपादक नांदू लागले म्हणजे केवढे औदार्य निर्माण होते, याचे त्यांच्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. 1919 च्या मे महिन्यात ते निवर्तले.

मात्र लखोटा टपालात टाकण्याच्या आधी एक पायरी असे, आणि कृष्णाकाठच्या कवितेच्या इतिहासात त्या पायरीला मी फार महत्त्व देतो. गावात एखादा जाणता असे. शाळेतला पंडित असेल, जुना कवी असेल. त्याच्यापुढे वही नेऊन ठेवावी आणि मान खाली घालून उभे राहावे. सांगलीस हे स्थान मुजुमदार ऊर्फ साधुदास यांचे होते. 'वनविहार', 'रणविहार' अशी रामकथेवरील भारदस्त काव्ये लिहिणारा हा कवी वृत्तशुद्धीच्या बाबतीत कठोर होता. त्याच्या सान्निध्यात जो विद्यार्थी घडला, तो यशवंत दिनकर पेंढरकर. त्यांचा जन्म 9 मार्च 1899 चा, आणि जन्मगाव समर्थांचे चाफळ! ज्या गावी शिष्यांनी पोथ्या नकलून काव्य जतन केले, त्याच गावच्या मुलाने पुढे छापील पानावरून महाराष्ट्राच्या घराघरांत प्रवेश करावा, या योगायोगात मला या मुलखाच्या दोन युगांचा सांधा दिसतो. सांगलीच्या शाळेतून मॅट्रिक होऊन यशवंत पुण्यास कारकुनी करू लागले, आणि कचेरीच्या दप्तराआडून कविता लिहीत राहिले.

साताऱ्यास 1893 साली जन्मलेले शंकर केशव कानेटकर, म्हणजे कवी गिरीश, हे त्यांचे पुण्यातले स्नेही. 1923 साली या दोघांसह माधव जूलियन, श्रीधर व मनोरमा रानडे, घाटे, दिवाकर अशा मंडळींनी रविकिरण मंडळ स्थापिले. रविवारी चहाच्या निमित्ताने जमायचे, एकमेकांच्या कविता ऐकायच्या, दोष सांगायचे आणि मग त्या छापावयास पाठवायच्या, हा त्यांचा क्रम. म्हणजे सांगलीत जे काम एक साधुदास करीत होते, ते येथे सात-आठ समवयस्क करू लागले. त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. मासिकाच्या मर्जीवर सर्वस्वी विसंबून न राहता 'किरण' सारखी पुस्तके स्वतःच काढली. आणि कविता गाऊन दाखविण्याचा प्रघात गावोगाव पाडला. यशवंतांची 'आई' ही कविता ज्यांनी कधी मासिक विकत घेतले नव्हते अशा माणसांनाही पाठ झाली, ती या गायनामुळे. टीकाकारांनी या मंडळावर गायनाचा मोठा दोषारोप केला आहे. कविता गळ्यावर तरते आणि अर्थाने बुडते, असा त्या आक्षेपाचा रोख. मला तो अन्यायाचा वाटतो. छापील पान ज्या घरी पोहोचत नव्हते त्या घरी कविता नेण्याचा दुसरा मार्ग त्या काळी कोणता होता? गिरीश पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात अध्यापक झाले आणि त्यांच्या रूपाने नव्या पिढीला वही दाखविण्यासाठी पुन्हा एक दार मिळाले. यशवंत 1940 साली बडोद्याचे राजकवी झाले, आणि 1950 च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालून आले.

आता त्या लखोट्यामागे थोडे जाऊ. कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरांत लिहावे. नक्कल आपणापाशी ठेवावी. नापसंत कविता परत हवी असल्यास पुरेशी तिकिटे जोडावी. हे नियम मासिकाच्या मलपृष्ठाच्या आत बारीक टाइपात असत आणि होतकरू कवीला ते वृत्तांच्या गणांइतकेच पाठ असत. लखोटा मासिकाच्या कचेरीत पोहोचला की त्याची बारनिशी होई, आणि मग महिनोन् महिने काही कळत नसे. गावच्या पोस्टमनच्या पिशवीकडे पाहण्याचे धैर्य होत नसे आणि न पाहिल्यावाचून राहवतही नसे. जाडजूड लखोटा परत आला तर तो न उघडताच कळे. 'साभार परत' या दोन शब्दांनी मराठीत जेवढी मने दुखावली असतील तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दांनी. पातळ कार्ड आले तर मात्र छातीत धडधड होई, कारण होकाराला एक कार्ड पुरे.

होकारानंतर कविता खिळेजुळाऱ्याच्या हाती जाई. गद्याची ओळ जुळविणे आणि कवितेची ओळ जुळविणे यांत केवढा फरक आहे, हे छापखान्यात उभे राहून पाहिल्यावाचून समजत नाही. समोर उतरत्या पेटीचे शेकडो खण, त्यांत एकेक अक्षर, वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरे. डाव्या हातात जुळणीची पट्टी. उजव्या हाताची बोटे न पाहता खणांवर फिरत आहेत. आणि प्रत्येक खिळा उलटा, उजव्या-डाव्याची अदलाबदल झालेला. गद्यात ओळ भरली की पुढची सुरू. कवितेत ओळ मध्येच संपते आणि उरलेली सारी जागा शिशाच्या कोऱ्या तुकड्यांनी भरून काढावी लागते. म्हणजे पानावर आपल्याला जो पांढरा अवकाश दिसतो, जो पाहून आपण म्हणतो की येथे कवी थबकला, तो कुणीतरी वजनदार शिसे रचून उभा केलेला असतो. एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली तरी आर्येची मात्रा वाढते. आणि प्रूफ पाहणारा चांगला असला तर त्याला हे कानानेच कळते. कित्येक कवींची वृत्ते अशा अनामिक कारागिरांनी सावरली आहेत.

अंक आला म्हणजे तो वाचनालयात जाई, आणि तेथे जी गोष्ट घडे ती मला फार हृद्य वाटते. आवडलेली कविता वाचक आपल्या वहीत उतरून घेत. मुलींच्या शाळांतून, वसतिगृहांतून, घरच्या माजघरांतून अशा कवितांच्या वह्या असत. जांभळ्या शाईत, कोपऱ्यात वेलबुट्टी काढून, कवीचे नाव खाली उजवीकडे. मठातली नक्कल अशा रीतीने पुन्हा अवतरली. 'स्त्री' मासिकाने तर वहीत उतरून घेणारीला स्वतः लिहिण्याचे धैर्य दिले. तासगावच्या पटवर्धनांच्या घराण्यात 1913 साली जन्मलेल्या पद्मा गोळे यांचे 'प्रीतिपथावर' पासूनचे संग्रह वाचताना मला नेहमी वाटते की ही कवयित्री एकटी नाही. तिच्यामागे नाव न छापलेल्या शेकडो वह्या आहेत.

पुढील कालखंड सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून मी तो थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाळ सीताराम मर्ढेकरांची नवी कविता बडोद्याच्या 'अभिरुची'ने छापली. 1947 च्या 'काही कविता' या त्यांच्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. त्यानंतर 'सत्यकथे'चे युग आले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी कवितेच्या एकेका शब्दावर कवीशी पत्रव्यवहार करण्याची जी चाल पाडली, तिने मराठी कवितेची जात सुधारली, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु त्या उंबरठ्याची उंची काहींना जाचक वाटली. 1969 साली ज्या तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली आणि स्वतःच्या हाताने लहान नियतकालिके चालविली, त्यांच्या अग्रभागी असलेले राजा ढाले हे सांगलीजवळच्या नांद्र्याचे. त्यांचा संताप समजून घेतला पाहिजे. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरू दिले गेले नाही, त्याने उंबरठ्याबाहेर किती काळ तिष्ठावे? 'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. धुळ्यास पुरुषोत्तम पाटलांनी 1985 साली 'कविता-रती' काढून फडणिसांची केवळ कवितेला वाहिलेल्या मासिकाची परंपरा पुन्हा चालू केली.

आणि कृष्णेच्या काठी, भिलवडीच्या पैलतीरावर, औदुंबर येथे एक वेगळीच प्रथा चालू आहे. अकाली निवर्तलेल्या सदानंद सामंत यांच्या स्मरणार्थ कवी सुधांशु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 साली सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन भरविले, आणि तेव्हापासून मकरसंक्रांतीला दत्ताच्या त्या लहानशा क्षेत्री साहित्याचा मेळा भरत आला आहे. ज्याची एकही ओळ छापून आलेली नाही असा खेड्यातला मुलगा तेथे नामांकितांच्या समोर उभा राहून आपली कविता म्हणू शकतो.

हे सारे लिहिण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात जुनी मासिके पाहावीत म्हणून मी गेलो. बांधीव खंड व्हरांड्यात सुतळीने आवळून ठेवले होते. रद्दीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. वरचाच खंड मी उघडला. कसरीने पोखरलेल्या पिवळ्या पानावर, एका कथेच्या शेवटाखाली, बारा ओळींची एक कविता होती. खाली कवीचे नाव, आणि त्याच्याखाली कराड तालुक्यातील एका खेड्याचे नाव. त्या नावाचा कवी कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. त्याने कधी पुस्तक काढले असेल असे वाटत नाही. त्याने समास सोडून लिहिले, तिकिटे जोडली, महिनोन् महिने वाट पाहिली, एका अपरिचित संपादकाने त्याला निवडले आणि एका खिळेजुळाऱ्याने त्याच्या बारा ओळींभोवती शिसे रचले; त्या सर्वांचा एकमेव दाखला ते पान होते. मी तेवढे खंड मागून घेतले. बाकीचे गेले.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचनालयांच्या चालकांना, आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या ट्रंका अद्याप पडून आहेत अशा सर्व घरांना माझी हात जोडून विनंती आहे, की 'मनोरंजन', 'रत्नाकर', 'किर्लोस्कर', 'स्त्री' यांचे अंक आणि त्यांच्यासोबत असलेल्या कवितांच्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, आणि आपणांस त्यांचा सांभाळ होत नसेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या अथवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात.